देवांच्या काचा

महाजन सरांची गोष्ट मी आमच्या बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात इतक्या वेळा सांगितली आहे की काही लोकांना ती माझ्यापेक्षा चांगली पाठ असेल. लग्नात पंगत बसायला उशीर झाला, दुकानात गिऱ्हाईक नसलं, की कोणीतरी म्हणायचं, "नाना, ते देवांच्या काचांचं होऊन जाऊ द्या." मी सांगायचो, लोक हसायचे. सर समोर बसलेले असले तर तेही हसायचे, आणि माझं काही सुटलं तर मधेच भर घालायचे. तरीही ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो, असंच म्हटलं पाहिजे. कारण सांगत होतो ती अर्धी होती. उरलेल्या अर्ध्यात मी आहे.

सर मूळचे बुऱ्हाणपूरजवळच्या जसोंडीचे. घरी केळीची शेती, भाऊ ती बघायचे. सरांना शेतीतलं एवढंच कळायचं की केळं पिकलं की खायचं. सातपुड्याच्या पलीकडे कोळशाच्या खाणी आहेत, त्यांतल्या एका खाणीच्या शाळेत ते भूगोल शिकवत. मी त्याच खाणीत सर्व्हेयर म्हणून लागलो. जमिनीखाली कोळसा कुठवर काढला, त्याच्या बरोबर वर काय आहे, याची मोजमापं घेऊन नकाशे करायचे, हे माझं काम.

आमची ओळख तिथल्या आठवडी बाजारात झाली. मी वांग्यांच्या भावावरून हिंदीत भांडत होतो आणि न पटल्यावर मराठीत पुटपुटलो, "काय लूट चालवलीय." मागून आवाज आला, "कुठले?"

"बुऱ्हाणपूर."

"बुऱ्हाणपुरात कुठं?"

"शनवारा."

"शनवाऱ्यात कुठं?"

मी घर सांगितलं. शेजारी कोण राहतं हे त्यांनी सांगितलं. त्या शेजाऱ्यांच्या मेहुण्याची सोयरीक जसोंडीत झाली होती, हेही सांगितलं. मग वांगी राहिली बाजूला, माझा दंड धरून ते मला थेट घरी घेऊन गेले आणि दारातूनच ओरडले, "अगं, आपल्याकडचा माणूस आणलाय!" जणू बाजारात तोच मिळत होता.

"आपल्याकडचा" हा शब्द सरांच्या तोंडी एखाद्या सर्टिफिकेटसारखा असे. तिथे एक न्हावी होता, मूळचा बुऱ्हाणपूरकडच्या डोईफोडियाचा. हात अत्यंत कच्चा. सरांचे केस तो असे कापायचा की एक कान वर आणि एक खाली दिसायचा. कमलवहिनी वैतागून म्हणायच्या, "दुसरा न्हावी नाही का या गावात?" सर म्हणायचे, "कान थोडे वरखाली दिसतात, मान्य. पण माणूस आपल्याकडचा आहे." ते गाव सोडेपर्यंत त्यांचे कान तसेच राहिले.

वर्गात ते फळ्यावर हिंदुस्थानचा नकाशा एका दमात काढत. त्यात सगळ्यात आधी एक ठळक ठिपका पडायचा, तो बुऱ्हाणपूरचा. मग तापी. मग बाकीचा देश जागा मिळेल तसा. एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, दिल्ली किधर है?" सर खडू झटकत म्हणाले, "वो भी है, बेटा. ऊपर कहीं होगी."

राहायला मात्र ते खाणीच्या क्वार्टरमध्ये नव्हते. गावच्या जुन्या वस्तीत एका गल्लीत त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. गल्लीत सगळे खाणकामगार. अर्ज लिहायचा असो, मुलाचं नाव ठेवायचं असो, नवरा-बायकोचं बोलणं बंद झालेलं असो, सगळे मास्टरजींकडे यायचे. सरांना ते फार आवडायचं. कोणी आलं नाही तर दारात खुर्ची टाकून बसायचे आणि जाणाऱ्यालाच विचारायचे, "क्यों भाई, सब ठीक? कोई झगड़ा?"

ही गल्ली आमच्या खाणीच्या डोक्यावर होती.

जमिनीखालचा कोळसा काढताना मधेमधे कोळशाचेच जाड खांब ठेवतात. वरची जमीन, घरं, झाडं, विहिरी, सगळं त्या खांबांवर उभं असतं. पुढे कधीतरी तो खांबांतला कोळसाही काढायचं ठरतं. वर वस्ती असेल तर रिकाम्या जागेत नदीची रेती पाण्याबरोबर पाइपानं सोडून पार छतापर्यंत ठासून भरावी लागते. ती नीट भरली तर वरच्या माणसाला काही कळतही नाही.

गल्लीखालचे खांब काढायचे ठरले तेव्हा लोक घाबरले. खाणीनं दूर माळावर प्लॉट द्यायची तयारी दाखवली होती, पण तिथे ना नळ ना शाळा. काही जण म्हणत होते जाऊ या, काही म्हणत होते राहू या, आणि सगळे मिळून म्हणत होते, मास्टरजी सांगतील तसं करू या. म्हणून सर माझ्याकडे आले. हातात दराब्याचा, आमच्या बुऱ्हाणपुरी मिठाईचा, डबा. सुट्टीत घरी गेले की ते माझ्यासाठी दराबा आणायचेच. त्या दिवशी डबा जरा मोठा होता.

"सुधाकर, एकच सांग. आमच्या गल्लीखाली रेती भरताहेत ना?"

"भरताहेत, सर."

"नीट?"

"निश्चिंत राहा, सर. मी आहे ना." मग मी जरा आवाज खाली केला. "फक्त माझं नाव घेऊ नका. साहेबांना आवडायचं नाही."

"वेडा आहेस का? तुझं नाव कशाला घेऊ?" ते खुशीत उठले आणि दाराशी जाऊन परत आले. "डबा रिकामा करून दे. दुसरा आणलेला नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी गल्लीत सगळ्यांना जमवून सांगितलं, "मैं भूगोल का आदमी हूँ. ज़मीन के नीचे क्या है, मुझे मालूम है. कोई कहीं नहीं जाएगा. ज़िम्मेदारी मेरी." लोकांनी सामान सोडलं. समोरच्या शांतीबाईनं तर बांधलेली गाठोडी सोडून त्याच दिवशी अंगण सारवलं.

आता देवांच्या काचांचं.

काही दिवसांनी सरांच्या भिंतीला भेगा दिसू लागल्या. भेग वाढतेय की नाही, हे बघायची आमची एक रीत असते. भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं दोन्ही टोकांना चिकटवायची. भिंत जरा हलली तरी काच तडकते. मी सरांच्या घरी काही पट्ट्या लावून दिल्या. दुसऱ्याच आठवड्यात सर ऑफिसात आले, चेहरा अपराधी. जणू त्यांनीच फोडली होती.

"सुधाकर, काच तडकली रे."

"ऊन लागलं असेल, सर. दुसरी लावा."

त्यांनी लावली. तीही तडकली. तेव्हा मी म्हणालो सिमेंट ओलं असेल. पुढच्या वेळी म्हणालो काच पातळ असेल. सरांना प्रत्येक कारण पटलं. गल्लीतल्या बायका तडकलेली काच बघून घाबरतात, म्हणून तडकली की ती तासाभरात बदलायची असं त्यांनी ठरवूनच टाकलं. काच संपल्यावर बाजारात जायला वेळ कुठला? त्यांनी देवघराकडे मोर्चा वळवला.

पहिली गेली एका कोण्या बाबांच्या तसबिरीची काच. हे बाबा कोण, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मग सरस्वती. "ती माझ्याच खात्याची आहे, समजून घेईल," सर म्हणाले. मग लक्ष्मी. गणपतीची काच काढताना मात्र त्यांनी आधी हात जोडले.

कमलवहिनी माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. "भाऊजी, देवघरात आता नुसते कागद उरलेत. उदबत्तीची राख मारुतीच्या नाकात जाते."

"काच तडकली, देव नाही तडकले," सर मागून म्हणाले.

"आता फक्त आपल्या लग्नाचा फोटो राहिलाय. त्याला हात लावलात तर मी माहेरी जाईन."

"जा. तिथली जमीन पक्की आहे."

इथपर्यंत आलं की शनवाऱ्यात लोक डोळे पुसत हसायचे. मग मी जरा थांबून म्हणायचो, "आणि एके दिवशी फोटोसकट घरच खाली बसलं!" की पुन्हा हशा. माझी गोष्ट इथे संपायची.

खरी गोष्ट इथे संपली नव्हती. दुपारची वेळ होती. पुरुष कामावर, मुलं शाळेत, कमलवहिनी नळावर. गल्लीतल्या विहिरीचं पाणी सकाळीच कुठेतरी निघून गेलं होतं. मग एक लांब, जड आवाज आला आणि गल्लीचा मधला भाग खाली बसला, घरांसकट. कोणी मेलं नाही. शांतीबाई अंगणात धान्य निवडत होती, तिच्या पायावर भिंत आली. तो पाय पुढे कधी सरळ झाला नाही.

मी पोचलो तेव्हा सर धुळीत उभे होते. समोर शांतीबाईचा नवरा रामखेलावन. तो ओरडत नव्हता, हेच वाईट होतं.

"मास्टरजी, आपने कहा था."

"हाँ," सर म्हणाले. "मैंने कहा था."

चौकशी झाली. बाहेरून साहेब आले. मी नकाशांची गुंडाळी घेऊन भिंतीला लागून बसलो होतो. सरांना बोलावून विचारलं, "जमीन सुरक्षित है, ये आपको किसने बताया?"

सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "किसी ने नहीं, साहब. अंदाज था मेरा. भूगोल पढ़ाता हूँ ना, तो थोड़ा घमंड हो जाता है."

साहेब हसले. मला वाटतं, मीही हसलो.

आता जे मी कधीच कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. दराब्याचा डबा घेऊन सर माझ्याकडे आले त्याच्या आधीच मी गल्लीखाली उतरून दिवा धरून बघून आलो होतो. रेती छताला लागलेली नव्हती. माणूस पोटावर सरपटत आत जाईल एवढी फट राहिली होती, आणि ती एका जागी नव्हती. रेती कमी येत होती. वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले, येईल, मागून भरू. मीही मनाला तेच सांगितलं. सरांनी "नीट?" असं विचारलं तेव्हा "नाही" म्हणायला एक क्षण पुरला असता. पण मी नोकरीत नवा होतो, आणि ते माझ्याकडे असे बघत होते की जणू खाणीचा मालक मीच. ते बघणं मला मोडवेना. काचा तडकत गेल्या तेव्हा मला पहिल्या काचेपासून कळत होतं. मी ऊन, सिमेंट, पातळ काच असं म्हणत राहिलो आणि ते देवघर रिकामं करत राहिले.

सरांनी मुदतीआधी नोकरी सोडली. सामान भरताना गल्लीतलं कोणीही हात लावायला आलं नाही. एरवी त्यांच्या घरी पाहुणा आला तरी बॅग उचलायला भांडण व्हायचं.

बुऱ्हाणपुरात ते शनवाऱ्यात भाड्यानं राहिले. बऱ्याच वर्षांनी मीही निवृत्त होऊन परतलो. कोणीतरी मला विचारलं, "महाजन सरांनी नोकरी का सोडली हो?" हा प्रश्न कुठे जातो हे मला माहीत होतं, म्हणून मी काचांचं सांगितलं. लोक हसले. हसणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न सुचत नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. घाबरट, भोळे, गमतीदार सर मीच गावाला दिले.

सरांनीही त्यात कमी मदत केली नाही. जमिनीवरचा त्यांचा विश्वास उडाला होता, पण त्यांनी त्याचा खेळ करून टाकला. खिशात कायम एक गोटी. कोणाकडेही गेले की बसण्याआधी ती फरशीवर ठेवायची. गोटी घरंगळली की म्हणायचे, "तुमची जमीन स्वयंपाकघराकडे ओढ घेतेय. मीही घेतो." एका लग्नात त्यांनी ती स्टेजवर ठेवली. गोटी थेट नवरदेवाच्या बुटाला लागली. "मुलगा वजनदार आहे, हरकत नाही," सर म्हणाले. पोरं त्यांना गोटीसर म्हणायची. भाड्यानं घर घेताना त्यांनी वरचा मजला नाकारला. "पडायचंच तर थोड्यात पडू."

गावाबाहेर कुंडी भंडारा आहे. जुन्या काळी जमिनीखालून पाणी आणण्यासाठी खोदलेला बोगदा, आजही पाणी वाहतं. आत जायला लिफ्ट आहे. सर आत उतरणार नाहीत अशी मी पैज लावली आणि हरलो. आत ते भिंतीला हात लावून कितीतरी वेळ उभे राहिले. वर आल्यावर म्हणाले, "एवढी वर्षं झाली, वरचं काही पडलं नाही. कारण त्यांनी खालून पाणी नेलं, जमीन नाही नेली." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की परतताना त्यांनी ते चहावाल्याला, पानवाल्याला आणि रिक्षावाल्याला ऐकवलं. रिक्षावाला म्हणाला, "वो तो ठीक है, काका, उतरना कहाँ है?"

पण त्याच दिवशी, चहा पिताना, मी काही विचारलेलं नसताना ते म्हणाले, "सुधाकर, ते तू मनाला लावून घेऊ नको. तुला तरी कुठं माहीत होतं रेती कमी पडतेय ते? तुला वरून सांगितलं तसं तू मला सांगितलंस. मी गल्लीला सांगितलं. तुझं नाव घेतलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. माझं काय, जास्तीत जास्त पोरं हसली असती. ती आधीपासूनच हसायची."

ते मला निर्दोष समजत होते. इतकी वर्षं. "तुला तरी कुठं माहीत होतं" या वाक्यानंतर जे म्हणायला हवं होतं ते माझ्या घशापर्यंत आलं आणि चहाबरोबर परत खाली गेलं. फट आहे हे ठाऊक असून सांगितलं नाही म्हणालो असतो, तर त्यांच्याकडे मी कोण उरलो असतो? मी म्हणालो, "चहा गार झाला, सर."

त्यांच्या मनात एकच गोष्ट सलत होती. गल्लीला आपण फसवलं नाही, हे गल्लीला कळावं. दर दिवाळीला ते तिथल्या प्रत्येक घराला कार्ड पाठवायचे. एकाचंही उत्तर कधी आलं नाही. "पोस्ट खातं फार ढिलं झालंय," ते म्हणायचे आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा पाठवायचे. रामखेलावनला भेटून खरं सांगायला मला एक दिवस पुरला असता. मी गेलो नाही.

कमलवहिनी गेल्यावर सर जसोंडीला भावाकडे राहायला गेले. प्रकृती खालावली आहे असं कळलं तेव्हा मी या खेपेला सांगायचंच असं ठरवून निघालो. घरात भावाचं सगळं कुटुंब, माणसांची ये-जा. केळीचा ट्रक भरला जात होता आणि सर खाटेवर बसून हमालांना सूचना देत होते. कोणी ऐकत नव्हतं. "मास्तर, तुम्ही आराम करा ना," भाऊ म्हणाले. सर म्हणाले, "मी आरामातच ओरडतोय."

जेवण झालं. गप्पा झाल्या. मधे एकदा त्यांनी विचारलं, "शांतीबाईचा पाय कसा आहे, काही कळलं का तुला?"

"बरा असेल, सर."

"असेल," ते म्हणाले. "बाई कणखर होती."

निघताना, नको म्हणत असताना ते मला बस-थांब्यापर्यंत पोचवायला आले. एक हात माझ्या खांद्यावर, चाल हळू. रस्त्यावर आम्ही दोघंच. मी म्हणालो, "सर, त्या वेळी मी तुम्हाला..." आणि समोरून बस आली. कंडक्टर दारातून ओरडत होता, "बुऱ्हाणपूर, बुऱ्हाणपूर! चलो, जल्दी!"

सरांना वाटलं मी गर्दी बघून थबकलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला वर ढकललं. "चढ रे, चढ. पुढे जागा आहे, मला दिसतेय." मग कंडक्टरला म्हणाले, "इनको बिठा देना भाई, आपल्याकडचे आहेत."

कंडक्टरनं मला खिडकीशी बसवलं. बस हलली. सर रस्त्याच्या कडेला उभे होते, उन्हात डोळे बारीक करून कोणत्या खिडकीत मी आहे ते शोधत. त्यांनी भलत्याच खिडकीकडे बघून हात हलवला. मी खिडकी उघडायला गेलो, ती उघडली नाही. महिन्याभरात ते गेले.

बसमध्ये जे माझ्या तोंडात तयार होतं ते असं होतं. सर, मला माहीत होतं. मी खाली जाऊन डोळ्यांनी बघून आलो होतो, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तुमचा अंदाज चुकला नव्हता, तुम्ही फक्त माझ्यावर विश्वास ठेवलात. गल्लीला तुम्ही नाही फसवलं, मी फसवलं. शांतीबाईचा पाय माझ्यामुळे गेला. आणि इतकी वर्षं लोक ज्याला हसले, तो मी असायला हवा होतो. मला माफ करा, सर.